लाकडी जिना: घसरण पायरीच्या पुढच्या दोन इंचांत असते

वाड्यातला, कोकणातल्या माडीच्या घरातला किंवा मुंबईच्या जुन्या चाळीतला लाकडी जिना पाय धरेनासा झाला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. काळ्या खरखरीत टेपचं रीळ आणायचं आणि प्रत्येक पायरीच्या मधोमध एक तुकडा चिकटवायचा. काही आठवड्यांत कोपरे उचलतात, खाली धूळ शिरते, आणि पावसाळा संपेपर्यंत निम्म्या पट्ट्या निघालेल्या असतात. आता काही पायऱ्या पाय धरतात, काही धरत नाहीत, आणि असा जिना आधीच्या सगळ्या गुळगुळीत जिन्यापेक्षाही वाईट. दोन-तीन पायऱ्या उतरल्या की पावलाला पृष्ठभागाची सवय होते आणि पुढची पायरीही तशीच असेल असं धरून शरीर वजन टाकतं. तिथेच फरक पडला की तोल जातो. म्हणून जे काही कराल ते पहिल्यापासून शेवटच्या पायरीपर्यंत एकसारखं करा. एवढं जमणार नसेल तर तूर्त काहीच लावू नका, आणि कठड्यापासून सुरुवात करा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पाऊल नेमकं कुठे सुटतं

चढताना शरीर जिन्याकडे झुकलेलं असतं. पाय सटकला तरी हात किंवा गुडघा वरच्या पायरीवर टेकतो. गंभीर पडणं होतं ते उतरताना. उतरताना आधी चवडा टेकतो, तोही पायरीच्या पुढच्या कडेजवळ, आणि दुसरा पाय हवेत असताना सगळं वजन त्या कडेवरून पुढे सरकतं. ती कड झिजून गोल झाली असेल, तिच्यावर पॉलिशचा गुळगुळीत थर असेल किंवा ओल असेल, तर चवडा तिच्यावरून पुढे सुटतो आणि माणूस पाठीवर किंवा माकडहाडावर आपटतो. मधोमध लावलेली पट्टी या क्षणी पावलाखाली नसतेच. पकड हवी ती पुढच्या दोन इंचांत.

जुन्या जिन्यांत भर म्हणून पायरीच आखूड असते. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्यासाठी पायरीची खोली कमीत कमी २५० मिमी आणि उंची जास्तीत जास्त १९० मिमी दिली आहे. वाड्यांतले आणि माळ्यावर जाणारे जिने हे नियम यायच्या कितीतरी आधीचे. नऊ-दहा इंचांचा चढ आणि पाऊल ठेवायला आठ इंच, हे माप सर्रास दिसतं. मोठ्या माणसाचं पाऊल दहा इंचांच्या आसपास, म्हणजे सरळ पाऊल टाकलं तर दोन इंच हवेत. अशा जिन्यावर पाऊल तिरपं ठेवून उतरायला घरातल्या सगळ्यांना शिकवा. आणि जिना शिडीइतका उभा असेल तर तोंड जिन्याकडे करूनच उतरायचं, हा नियम पाहुण्यांनाही सांगायचा.

परदेशी सल्ल्यांत सगळी मांडणी बूट आणि मोजे धरून असते. आपण घरात अनवाणी चालतो, त्यामुळे हिशेब बदलतो. कोरडा उघडा तळवा कोरड्या लाकडाला चांगला धरतो. त्याची पकड सुटते ती न्हाणीघरातून ओल्या पायाने आल्यावर, तेल सांडल्यावर, किंवा पायरीवर पीठ, टाल्कम पावडर, भिंतीचा भुगा अशी बारीक पूड साचल्यावर. मोजे मात्र पॉलिश केलेल्या लाकडावर कोरडे असतानाही सटकतात, त्यामुळे हिवाळ्यात मुलं मोजे घालून जिन्यावर धावणार असतील तर आधी मोजे काढायला लावा.

आधी जिना घट्ट, मग खरखरीत

हलणाऱ्या पायरीवर कुठलाही थर टिकत नाही. पाचशे पावलं पडली की चिकटलेली कड सुटते आणि वार्निशला भेग जाते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त तपासणी करा. प्रत्येक पायरीच्या डाव्या टोकावर, मध्ये आणि उजव्या टोकावर उभं राहून वजन हलवा. करकर आवाज आला तर खडूने खूण करा. मग खालून पाहा. जिन्याखालची कपाटाची जागा रिकामी करायचा कंटाळा येतो, पण खरा प्रकार तिथेच दिसतो: निखळलेले ठोकळे, बाजूच्या जाड फळीच्या खाचेतून सरकलेली पायरी, वाळवीच्या मातीच्या नळ्या, भुंग्याने पाडलेली पिठासारखी पूड. पेचकसाचं टोक पायरीच्या मागच्या कडेत आणि भिंतीला टेकलेल्या बाजूत दाबून बघा. सागवानात ते सहज आत जात असेल तर पायरी पोकळ आहे, तिची दुरुस्ती नाही, ती बदलायची. वाळवी भिंतीतून आलेली असते, त्यामुळे लाकूड बदलायच्या आधी भिंतीचा आणि जमिनीचा उपचार, नाहीतर नवी फळीही दोन-तीन वर्षांत जाईल.

पायरी शाबूत असून नुसती हलत असेल तर काम सोपं आहे. पायरीची फळी आणि तिच्याखालची उभी फळी यांच्या आतल्या कोनात दीड इंच बाजूचे, तीन इंच लांबीचे त्रिकोणी ठोकळे बसवा, तीन फूट रुंदीच्या पायरीला तीन. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद आणि प्रत्येक बाजूला एकेक स्क्रू. स्क्रूची लांबी आधी मोजा. ठोकळा धरून तो फळीत जेमतेम अर्धा इंच शिरला पाहिजे. वरून टोक बाहेर आलं तर अनवाणी पायाखाली येईल. जुन्या सागवानात भोक न पाडता स्क्रू फिरवला की लाकूड फाटतं किंवा स्क्रूचं डोकं तुटतं, म्हणून ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक. सागवानाच्या अंगातलं तेल गोंदाला आड येतं. चिकटवायची जागा ताज्या पॉलिश पेपरने घासून थिनरच्या फडक्याने पुसा, आणि वाळताच लगेच गोंद लावा. दुसऱ्या दिवशी लावलात तर तेल पुन्हा वर आलेलं असतं.

पायरी बाजूच्या खाचेत सैल झाली असेल तर खालून पाचर. एका बाजूला निमुळती, जुन्या सागाचीच, गोंद लावून हलक्या हाताने ठोकलेली. जोरात ठोकलेली पाचर बाजूची फळी बाहेर ढकलते आणि मग एकेक करून सगळ्याच पायऱ्या सैल होतात. वरून खिळे मारून पायरी बसवण्याचा मोह टाळा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि या हालचालीत खिळा हळूहळू वर येतो. वर आलेल्या डोक्यात पदर अडकतो, पाय फाटतो. जिथे असे जुने खिळे दिसतील तिथे ते ठोकून खाली बसवू नका, उपटून काढा आणि त्याच भोकात स्क्रू घाला.

याच तपासणीत प्रत्येक पायरीची उंची मोजून खडूने तिच्यावरच लिहा. पायऱ्यापायऱ्यांत दोन-तीन मिमीचा फरक चालतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमात एका जिन्यातली सर्वांत उंच आणि सर्वांत बुटकी पायरी यांत ९.५ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि ही मर्यादा डोळ्यासमोर ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे गडबड होते ती पहिल्या आणि शेवटच्या पायरीत. खाली शहाबादी फरशीवर नवी टाइल टाकली की पहिली पायरी दीड-दोन इंचांनी बुटकी होते. उतरताना जमीन अपेक्षेपेक्षा आधी लागते आणि गुडघ्याला दणका बसतो. वर माडीवर नवी फरशी आली तर शेवटची पायरी उंच होते आणि तिथे बोट अडखळतं. यावर सगळ्या पायऱ्यांवर १८ मिमीची प्लायवुड ठोकायची युक्ती काही जण सुचवतात. त्याने खालची पहिली पायरी १८ मिमीने उंच होते, मधल्या तशाच राहतात आणि वरची शेवटची तेवढीच बुटकी होते. म्हणजे एका टोकाला बसणारा फरक दुसऱ्या टोकाला जातो. दोन्ही टोकांची मापं हातात असल्याशिवाय याला हात लावू नका.

झिजलेली कड

शंभर वर्षांच्या जिन्यात पायरीचा मधला भाग खोलगट झालेला असतो आणि कड पुढे उतरती. या उतारावर कोणतीही पट्टी लावली तरी पाऊल पुढेच सरकणार. गुण्या किंवा सरळ लोखंडी पट्टी पायरीवर मागून पुढे आडवी धरा. कडेपाशी दोन सुतांपेक्षा जास्त, म्हणजे ६ मिमीच्या वर फट दिसली तर कड दुरुस्त करायची.

सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे पायरी उलटी करणं. जिथे पायऱ्या स्क्रूने किंवा खालच्या ठोकळ्यांनी बसवल्या आहेत तिथे फळी काढून खालची बाजू वर केली की न झिजलेलं लाकूड मिळतं. अट एवढीच की फळी किमान एक इंच जाड उरलेली असावी, आणि आता खाली गेलेला खोलगट भाग ज्या उभ्या फळीवर टेकतो तिथे पोकळी राहू नये. फट राहिली तर तिथे पातळ लाकडी चीप गोंदाने भरा. पायऱ्या बाजूच्या फळीत कायमच्या अडकवलेल्या असतील तर पुढचा दोन इंच भाग सरळ रेषेत कापून त्या जागी जुन्या सागवानाची पट्टी एपॉक्सीने जोडायची. जुनंच लाकूड घ्या. मोडक्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. ते पुरतं वाळलेलं असतं, जोडल्यावर पिळत नाही. कड टोकदार ठेवू नका, पडताना तिच्यावर आपटलं तर जास्त लागतं, आणि पूर्ण गोलही करू नका. ६ ते ८ मिमी त्रिज्येची गोलाई पुरे. अर्धवर्तुळाकार कड दिसायला सुंदर असली तरी पाऊल टेकायची पाऊण इंच जागा ती खाऊन टाकते.

अनेक चाळींत कडेवर पितळी किंवा लोखंडी पट्टी आहे. ती लाकडाची झीज थांबवायला लावलेली, पकडीसाठी नव्हे. पावलांनी घासून ती आरशासारखी होते आणि ओली झाली की जिन्यातली सर्वांत निसरडी जागा तीच. ती काढून तिच्या खाचेत रबरी किंवा खरखरीत भरणा असलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवता येते. नवी पट्टी पायरीच्या पातळीतच बसली पाहिजे. तीन-चार मिमी वर राहिली तर चढताना अंगठा अडकतो. स्क्रू दर सहा ते आठ इंचांवर, डोकं पूर्ण बुडालेलं. किनाऱ्यालगतच्या गावांत स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, डोकं झिजतं आणि पट्टी एका टोकाने उचलते.

पकड कशाने आणायची

तीन मार्ग आहेत आणि तिन्हींना आपापली जागा आहे. घरातल्या, छपराखालच्या, अनवाणी वापराच्या जिन्याला माझी पहिली पसंती वार्निशमध्ये बसवलेल्या बारीक कणांना आहे. थर एकसंध असतो, कोपरा उचलायचा प्रश्न नाही, आणि लाकूड दिसतं.

जुना थर पूर्ण काढून घ्या. फ्रेंच पॉलिश असेल तर स्पिरिटच्या फडक्याने विरघळतं, लॅकर असेल तर थिनरने. कोपऱ्यात एक थेंब टाकला की काय आहे ते कळतं. मेण लावलेलं असेल तर टर्पेंटाइनने दोनदा पुसा, कारण मेणाचा अंश राहिला तर नवा थर साप कात टाकतो तसा सोलून निघतो. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १२०, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. यापेक्षा गुळगुळीत करायची गरज नाही. धूळ ओल्या फडक्याने नाही, कोरड्या ब्रशने आणि मग थिनरच्या फडक्याने काढा. पॉलीयुरेथेनचा, म्हणजे दुकानात पीयू म्हणतात त्याचा, पहिला थर थोडा पातळ करून लावा, तो लाकडात मुरतो. तो वाळल्यावर २२० नंबरने हलकं घासून दुसरा थर. हा ओला असतानाच पुढच्या तीन इंचांवर कण भुरभुरायचे. पीयूच्या दुकानात घसरणरोधक पूड म्हणून पॉलिमरचे किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिळतात. अनवाणी पायासाठी पॉलिमरचे बरे, ते गोलसर असतात. भोकाभोकाच्या मिठाच्या डबीतून हात फूटभर उंच धरून भुरभुरलं की सारखे पडतात; हाताने टाकले तर कुठे ढीग, कुठे कोरडं. कण डब्यातच मिसळून ब्रशने लावायची पद्धतही आहे, पण ते तळाशी बसतात आणि दर दोन मिनिटांनी ढवळलं नाही तर पहिल्या पायऱ्या गुळगुळीत आणि शेवटच्या खरखरीत होतात. वाळल्यावर सैल कण झाडून काढा आणि वरून एकच पातळ थर. इथेच सगळ्यांचा हात जड होतो. जाड थरात कण बुडतात आणि मेहनत वाया जाते. बोटाचं टोक फिरवल्यावर खरखर जाणवली पाहिजे, नख अडकता कामा नये.

चमकदार पीयू टाळा, मॅट घ्या. कोरड्यात दोघांच्या पकडीत फार फरक नसतो, पण चमकदार पायरीवर दिव्याचा किंवा खिडकीचा झगमगाट पडतो आणि कड दिसेनाशी होते. हे काम पावसाळ्यात करू नका. हवा दमट असताना थर पांढरट पडतो, चिकट राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ.

मालाचा अंदाज: तीन फूट रुंद आणि दहा इंच खोल अशा १६ पायऱ्यांचं क्षेत्रफळ साधारण ३.६ ते ३.७ चौरस मीटर होतं. एक लिटर पीयू एका थराला आठ ते दहा चौरस मीटर जातो, तीन थर म्हणजे अकरा चौरस मीटर. सव्वा लिटर लागेल, दीड आणा. दोन डब्यांचा पीयू असेल तर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा आणि एका थराला लागेल तेवढाच. घरात जिना एकच असेल तर एकाआड एक पायरी करा, पहिली-तिसरी-पाचवी वाळली की दुसरी-चौथी-सहावी. मधल्या काळात दोन-दोन पायऱ्या ओलांडाव्या लागतात, तेव्हा वयस्कर माणसांची आणि लहान मुलांची झोपायची सोय खालीच करा, आणि ओल्या पायरीवर वर्तमानपत्र टाकू नका, ती ओळखू यावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना दोरी बांधा.

दुसरा मार्ग टेपचा. जिना अंगणात उघडा असेल, चपला-बूट घालून वापरात असेल किंवा भाड्याच्या घरात पॉलिश काढायची परवानगी नसेल, तर टेप योग्य. अनवाणी पायांसाठी काचकागदासारखी वाळूची टेप घेऊ नका. तळवे सोलले जातात, आणि त्यावर पडलेलं मूल गुडघा फोडून घेतं. रबरासारख्या उठावाची, कणाविना मिळणारी टेप घ्या. दोन इंच रुंदीची एक पट्टी, पायरीच्या कडेपासून अर्धा इंच मागे आणि कडेला समांतर. गोलाईवरून वळवली की भेगाळते. लांबीला दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोडून पूर्ण पायरीभर. कठड्याला धरून चालणारा माणूस मधून चालत नाही, कडेने चालतो, त्यामुळे मधला वीतभर तुकडा कामाचा नाही. सोळा पायऱ्यांना ८०० मिमीच्या हिशेबाने १२.८ मीटर लागते, १८ मीटरचं रीळ आणलं की पुढच्या दुरुस्तीलाही उरते.

टेप टिकते की नाही हे चिकटवण्यापूर्वीच ठरलेलं असतं. पायरी साबणाच्या पाण्याने पुसा, स्वच्छ पाण्याने पुसा, एक पूर्ण दिवस वाळू द्या. प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा केरसुणीने सर्वांत आधी उचलतो. मागचा कागद एकदम न काढता एका टोकाकडून थोडा थोडा सोलत दाबत जा, आणि शेवटी लाटण्याने मधून कडेकडे जोर लावून फिरवा. एक दिवस त्यावर पाणी पडू देऊ नका. मेण किंवा तेल चढवलेल्या पायरीवर टेप धरतच नाही, तिथे पहिलाच मार्ग.

तिसरा मार्ग खाचांचा. कडेपासून पाऊण इंच मागे, एकमेकींपासून अर्धा इंच अंतरावर तीन समांतर खाचा, एक सूत रुंद आणि एक सूत खोल. खाचांनी पाणी पावलाखालून बाजूला जातं, म्हणून ओल्या होणाऱ्या जिन्यावर त्या उपयोगी. कोरड्यात त्यांची पकड लोकांना वाटते तेवढी नसते. कडेच्या फार जवळ पाडल्या तर पुढची चीर तुटून पडते. फणसासारख्या, धागे उसळणाऱ्या लाकडात तर नकोतच. त्या दर महिन्याला जुन्या टूथब्रशने साफ कराव्या लागतात, नाहीतर मळ बसून पुन्हा सपाट होतात.

काही गोष्टी मी कुणालाही सुचवणार नाही. पायऱ्यांवर सनमायका: ओला झाला की त्याच्यासारखं निसरडं दुसरं नाही. सुटं लिनोलियम: कडेला वळतं आणि चवड्याखाली सरकतं. कोरड्या नारळाच्या तेलाने किंवा जवसाच्या तेलाने पायऱ्या "चमकवणं": जवसाचं तेल जास्त झालेलं लाकडात मुरत नाही, वर चिकट थर होतो, त्याला धूळ बसते. तेल लावायचंच असेल तर पातळ लावून पंधरा-वीस मिनिटांत कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा, आणि ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी हवेशी रासायनिक क्रिया होऊन आपोआप तापते आणि पेटू शकते. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

जिन्याच्या पायथ्याशी सुटं पायपुसणं ठेवणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. उतरणारं पाऊल पूर्ण वेगाने त्याच्यावर पडतं. ते दोन हात लांब सरकवा किंवा खाली रबरी जाळी घाला.

हात कुठे धरायचा

पाय सटकणं शंभर टक्के थांबवता येत नाही. सटकल्यावर हाताला काय लागतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, म्हणून पैसे एकाच कामाला पुरत असतील तर ते कठड्याला लावा.

दांडा मुठीत मावला पाहिजे. ३८ ते ४५ मिमी व्यासाचा गोल दांडा उत्तम. चार इंच रुंदीची सपाट कोरीव फळी वाड्यात शोभते, पण पडताना तिच्यावर तळहात नुसता घसरतो. जुना कोरीव कठडा मोडू नका. त्याच्या आतल्या बाजूला किंवा समोरच्या भिंतीला गोल दांडा वेगळा बसवा. उंची पायरीच्या कडेपासून सरळ वर ९०० मिमी, भिंत आणि दांडा यांत ५० मिमी अंतर, ब्रॅकेट दर तीन फुटांवर. दांडा पहिल्या पायरीच्या अलीकडे आणि शेवटच्या पायरीच्या पलीकडे फूटभर पुढे गेला पाहिजे, कारण तोल जातो तो बहुतेकदा या दोन टोकांवर, जिना संपला असं वाटतं तेव्हा.

विटा-सिमेंटच्या भिंतीत साधा १० मिमीचा अँकर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, चालतो. वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत तो दोन हिसक्यांत बाहेर येतो. तिथे लाकडी खांब कुठे आहेत ते ठोकून शोधा, खांबाखांबांना एक सहा इंची सागवानी फळी स्क्रूने बसवा आणि ब्रॅकेट त्या फळीवर. बसवून झाल्यावर दोन्ही हातांनी दांड्याला धरून पूर्ण वजनाने लटका. तेव्हा हलला तर माणूस पडताना तो उपटणारच.

भिंतीच्या जाडीत काढलेल्या अरुंद जिन्यात दांड्याला जागा नसते. तिथे वरून लोंबता दोर असायचा. चढताना तो उपयोगी आहे, उतरताना मात्र झुलतो आणि शरीराला फिरवतो. तोच दोर खालच्या टोकालाही कडीत बांधून ताणून घेतला की दोन्ही वेळा आधार देतो. तळहाताला सोलणार नाही असा सुती, इंचभर जाडीचा घ्या आणि वरची कडी तुळईला आरपार बोल्टने पकडा.

वळणावरच्या तिकोनी पायऱ्यांना दांडा बाहेरच्या, रुंद बाजूला द्या. आत दिला की माणूस आपोआप अरुंद टोकावरून चालतो, जिथे पायरी चार इंचांचीही नसते. कठड्याच्या गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट असेल आणि घरात रांगतं मूल असेल तर मधे एकेक गज वाढवा. उभी फळी नसलेल्या उघड्या जिन्यालाही हेच माप.

दिवा जिन्याच्या डोक्यावर एकटाच असेल तर उतरणाऱ्याची स्वतःची सावली पायऱ्यांवर पडते. दुसरा दिवा पायथ्याशी किंवा वळणावर हवा, आणि वर-खाली दोन्हीकडून लागणारा टू-वे स्विच. ज्यांना दूरचं-जवळचं असा दुहेरी चष्मा आहे त्यांना खाली बघताना जवळच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. अशा घरात कडेवर दीड-दोन इंचांची वेगळ्या रंगाची पट्टी प्रत्येक पायरीला द्या: गडद सागवानावर फिकी, फिक्या लाकडावर गडद. टेप वापरत असाल तर हा रंग टेपचाच निवडा, काम एकात होतं. पहिल्या पायरीची उंची वेगळी असेल तर तिच्या उभ्या फळीलाही रंग द्या.

रोजच्या पुसण्यात फडकं घट्ट पिळलेलं असावं. फर्निचरचा फवारा आणि फरशीचं मेण जिन्यावर कधीच नाही. वरून खाली पुसत या, आणि पुसून झाल्यावर दहा मिनिटं जिना बंद ठेवा. दिवाळीत पायऱ्यांच्या कडेला पणत्या लावल्या जातात. तेल ओघळतं नेमकं त्या पुढच्या दोन इंचांवर. पणत्यांखाली ताटली ठेवा, आणि सांडलंच तर फडक्याने पसरवू नका. त्यावर लाकडाचा भुसा किंवा बेसन टाका, अर्ध्या तासाने झाडून घ्या, मग साबणाच्या फडक्याने पुसून साध्या पाण्याने पुसा. लाकडी जिन्यावर पणत्यांऐवजी विजेची माळ लावणं जास्त शहाणपणाचं, पदर आणि ज्योत दोन्ही त्याच अरुंद जागेत येतात.

दरवर्षी मेच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, पेचकस आणि खडू घेऊन एक फेरी मारा. स्क्रू आवळा, करकरणाऱ्या पायऱ्या खुणवा, टेपच्या कडा नखाने तपासा. उचललेली टेप पुन्हा चिकटवत बसू नका. हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोला, उरलेला चिकटा टर्पेंटाइनने काढा आणि नवा तुकडा लावा. थिनर तिथे वापरू नका, लॅकरचं पॉलिश त्याच्यासोबत निघून जाईल. कणांचा पीयू जिथे पाऊल सर्वांत जास्त पडतं तिथे आधी गुळगुळीत होतो. चवड्याच्या जागी बोटाला खरखर लागेनाशी झाली की तेवढी एक पायरी न करता सगळ्या पायऱ्यांच्या कडा १५० नंबरने घासून कणांचा थर आणि वरचा पातळ थर पुन्हा द्या.